प्रारब्ध बाळाचं, क्रियमाण आपलं

“मागल्या जन्माचं हाय मॅडम, त्याला कोन काय करनार?” वर्षाचं मूल मान धरत नाही, हाक मारली तरी वळत नाही, असं दिसलं की मंगळवेढ्याच्या आसपासच्या घरांत हे वाक्य ऐकू येतंच. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून माझी सगळी नोकरी याच गावांत गेली. असं बोलणारी आजी निष्ठुर नसते. ते नातवंड बहुतेक वेळा तिच्याच मांडीवर असतं. दोष मागल्या जन्मावर गेला की सुनेवर येत नाही, हेही तिला ठाऊक असतं. म्हणून या बोलण्याला अडाणीपणा म्हणून झिडकारणं मला कधी जमलं नाही. माझ्याही गळ्यात माळ आहे. कर्म खरं की खोटं, या वादात मी पडत नाही. खरं मानलं तर पुढं वागायचं कसं, एवढंच मला विचारायचंय.

आपल्याकडं कर्माचे तीन भाग सांगतात: साठलेलं ते संचित, त्यातलं भोगायला सुरुवात झालेलं ते प्रारब्ध आणि आज हातून घडतंय ते क्रियमाण. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यावर अख्खं प्रकरण आहे, कर्माचं बंधन मानूनही माणसाच्या प्रयत्नाला जागा राहते, हे त्यांनी तिथं कसून मांडलंय. पण हा विचार कळत्या माणसाचा. दीड वर्षाच्या पोरीचं क्रियमाण कुठलं? ती काही उपचारासाठी एसटीत बसून सोलापूर गाठणार नाही. तिच्या वाट्याचा प्रयत्न आईच्या, आजीच्या, अंगणवाडी सेविकेच्या हातात असतो. प्रारब्ध तिचं असेलही, क्रियमाण मात्र सगळं आपलं. आपण हातावर हात ठेवून बसलो तर ते बसणंही कर्मच, आणि ते आपल्याच खात्यावर जमा होणार. शिवाय मुलांच्या आरोग्य तपासणीचं सरकारी पथक तिच्या अंगणवाडीत यावं, हे तिच्या प्रारब्धात नव्हतंच असं छातीठोकपणे कोण सांगेल?

चोखोबा याच मंगळवेढ्याचे. आपल्या हीन मानलेल्या जन्माचं कारण पूर्वजन्मीच्या दोषात शोधणारा अभंग त्यांच्या नावावर आहे; आणि त्यांचाच मुलगा कर्ममेळा देवाला थेट जाब विचारतो. दोघंही विठ्ठलाचेच. मला मुलाची बाजू पटते. पूर्वकर्माकडं बोट दाखवून एका अख्ख्या समाजाला देवळाबाहेर ठेवलं गेलं होतं. दुसऱ्याच्या दुःखाचं कारण त्याच्याच मागल्या जन्मात शोधायचं आणि आपण मोकळं व्हायचं, यात भक्ती कुठं आली?

प्रयत्न म्हणजे काय, ते जरा जवळून बघावं. एका पोरीचे पाय ताठ होऊन एकमेकांवर चढायचे. धरलं की अंग कडक करायची, म्हणून घरचे तिला सारखं पाळण्यात उताणं ठेवायचे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आईला दाखवलं ते असं: उचलण्याआधी गुडघे दुमडा, मग कडेवर घेताना एक पाय पुढं, एक मागं, असं कमरेला अडकवून बसवा. गोधडीची वळकटी पाठीशी लावून कोपऱ्यात बसवा, हात मोकळे राहू द्या, पुढ्यात वाटी ठेवा. कडेवर घेणं आपल्या बायकांना शिकवावं लागत नाही. पाय कसे ठेवायचे तेवढं कळलं आणि आईच्या दिवसभराच्या कामातच लेकीचा व्यायाम होऊ लागला. पुढं ती भिंतीला टेकून बसायला लागली, भाकरीचा तुकडा स्वतः तोंडात घालायला लागली. चालायला नाही लागली.

हे मुद्दाम सांगते, कारण काही घरं उपचाराला नवस समजतात. आषाढीपर्यंत पोर चाललं पाहिजे, नाहीतर सगळं बंद. फळावर हक्क न सांगता काम करत राहणं गीतेनं सांगितलंय, आणि अशा आईइतकं ते अवघड कुणालाच जात नसेल. पोर आहे तसं आपलं म्हणायचं आणि रोज त्याचे गुडघेही दुमडायचे. दोन्ही एकाच वेळी.

‘थांबू या, बापही उशिराच बोलला’ या सल्ल्याची मात्र मला मनापासून चीड येते. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के आकाराचा झालेला असतो. ऐकू न येणाऱ्या लेकराला यंत्र किंवा खुणांची भाषा, जे काही द्यायचं, ते याच काळात द्यावं लागतं. कायद्यानं २०१६ मध्ये दिव्यांग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो ६ ते १८ वर्षांसाठी. त्याआधीच्या वर्षांचा भार अंगणवाडीवर आणि २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमावर आहे. त्याच्या पथकानं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासायची, आणि शंका आली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवायचं. चिठ्ठी मिळते. पण सोलापूरला जायचं म्हणजे आईची त्या दिवसाची मजुरी बुडते, वर तिकीट, आणि तेही पुन्हा पुन्हा.

गावोगावच्या सप्ताहात प्रारब्धावर तासतासभर निरूपण होतं. महाराजांनी त्याच बैठकीत क्रियमाणावरही बोलावं, आणि ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत यायला सांगावं. महाप्रसादाला घरटी वर्गणी निघते. त्यातूनच या आयांच्या सोलापूरच्या तिकिटाचे आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे बाजूला काढावेत, असं मी यंदाच्या सप्ताहाच्या बैठकीत मांडणार आहे.