सहा वर्षांचं अंथरूण

गादीची खरेदी ही धर्मविचाराची बाब आहे, असं सहसा कुणी मानत नाही. पाठ, पैसा आणि खोलीचं माप एवढ्यावर तो प्रश्न मिटतो. अलीकडे त्यात ‘पर्यावरणस्नेही’ या शब्दाची भर पडली आहे. धर्माचं नाव निघालंच तर ते त्यागाच्या बाजूनं निघतं. साधूनं जमिनीवर पडावं, गृहस्थानं खुशाल गादीवर लोळावं, अशी वाटणी आपण कधीच करून टाकलेली आहे. महाराष्ट्रात पौर्णिमेला अष्टशील घेणारे बौद्ध उपासक त्या दिवसापुरते उंच आणि ऐसपैस शय्येपासून दूर राहतात. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात भिक्षूंच्या खोल्यांत दगडातच कोरलेले ओटे आहेत आणि उशालाही दगडाचाच उंचवटा आहे. तो पाहिला की विरक्ती म्हणजे टणक अंथरूण, ही समजूत पक्की होते. पण विनयपिटकातले, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथातले, अंथरुणाचे नियम एकत्र वाचले, तर तिथली खरी काळजी मऊ-टणकाची नाही असं दिसतं. अंथरुणासाठी कुणाला झीज सोसावी लागली, ते किती काळ वापरलं आणि संपल्यावर त्याचं काय केलं, या गोष्टींना तिथं अधिक वजन आहे. आज बाजारात गादी निवडताना हेच विचारायला हवं, आणि ‘पर्यावरणस्नेही’ हे लेबल यातल्या जेमतेम पहिल्या गोष्टीचं अर्धं उत्तर देतं.

सुखाचा मुद्दा आधी बाजूला करू, कारण तो वाटतो तेवढा अवघड नाही. विनयात गादीला बंदी नाही. त्यातल्या चुल्लवग्ग या भागात लोकर, कापड, झाडाची साल, गवत आणि पानं अशा पाच भरणांच्या भिसींना, म्हणजे गाद्यांना, परवानगी आहे. खाटेचे पाय आठ बोटांहून उंच नकोत. असले तर कापून टाकायचे. कापूस भरलेली खाट चालत नाही, तो उपसून काढावा लागतो. उशीत मात्र कापूस चालतो, फक्त ती डोक्याएवढीच हवी. (आज साधेपणाची खूण ठरलेला कापूस तेव्हा चैनीत मोडत होता, हे सेंद्रिय कापसाच्या जाहिराती वाचताना लक्षात असलेलं बरं.) सुखाला इथं माप आहे, मनाई नाही. टणक गादीच पाठीला बरी, हा समजही फारसा टिकत नाही. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या 313 रुग्णांवर झालेला अभ्यास 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, त्यात टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. देहाला उगाच शिणवण्यात पुण्य नाही, हे तर बुद्धांनी स्वतःची हाडं झिजवल्यावर सांगितलेलं आहे.

आता संथताकडे वळू. संथत म्हणजे लोकर सपाट जमिनीवर पसरून, चिकटवून केलेलं, न विणलेलं जाड अंथरूण. काश्मिरी नमद्याच्या जवळपासचं काहीतरी. त्याबद्दल ओळीनं पाच नियम आहेत आणि प्रत्येकामागे एक प्रसंग आहे. आळवी गावात काही भिक्षू रेशीम करणाऱ्यांकडे गेले आणि संथतात मिसळायला रेशीम मागू लागले. कारागीर वैतागले. बायकापोरांच्या पोटासाठी आम्हाला किती जीव मारावे लागतात, हेच आमचं दुर्दैव. आता हे श्रमणही आमच्याकडून जीव मारवून घेणार का? रेशीममिश्रित संथत तिथून निषिद्ध झालं. पुढच्या एका प्रसंगात भिक्षू दरवर्षी नवं संथत करू लागले आणि लोकरीसाठी दारोदार मागत सुटले. तेव्हा लोक म्हणाले, आमच्या अंथरुणांवर पोरं हागतात-मुततात, उंदीर ती कुरतडतात, तरी ती पाच-सहा वर्षं टिकतात. मग यांना दरसाल नवं कशाला? नियम झाला, की नवं संथत सहा वर्षं वापरायचं. त्याआधी दुसरं केलं, मग जुनं कुणाला देऊन टाकलेलं असो वा नसो, तर ते नवं सोडून द्यावं लागेल. एका आजारी भिक्षूला आपलं संथत घेऊन प्रवास झेपेना, म्हणून आजाऱ्याला संघाच्या संमतीनं सूट मिळाली. त्यापुढच्या नियमानुसार बसायच्या नव्या संथतात जुन्याचा वीतभर तुकडा बसवायचा.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो योग्यच आहे: हे नियम भिक्षूंचे, गृहस्थाला ते का लावायचे? पण सहा वर्षं हा आकडा आला कुठून ते पाहा. तो ध्यानातून किंवा धर्मसिद्धान्तातून आलेला नाही. पोरंबाळं असलेल्या घरांत अंथरूण प्रत्यक्षात जेवढं टिकत होतं, तो हिशोब लोकांनी बोलून दाखवला आणि विनयानं तो उचलून संन्याशांना लावला. म्हणजे गृहस्थाचीच काटकसर भिक्षूच्या शीलाचं माप झाली. ते माप आज गृहस्थाला परत लावताना आपण त्याच्यावर परका नियम लादत नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासकाचा असेल. या नियमांत पर्यावरण शोधणं म्हणजे आजची चिंता जुन्या ग्रंथावर लादणं नव्हे का? काही अंशी आहेच. जुना तुकडा नव्यात बसवायचा तो लोकर वाचावी म्हणून नाही. नवं अंथरूण कुरूप व्हावं, त्याचा डौल उतरावा, असा हेतू ग्रंथ स्वतःच सांगतो. सहा वर्षांच्या नियमामागे दात्यांवरचा भार आहे, मेंढ्यांची किंवा कुरणांची काळजी नाही. रेशमाचा नियम तेवढा सरळ जीवहिंसेशी जोडलेला आहे. तरीही मला वाटतं की हेतूंतला हा फरकच आपल्या कामाचा आहे. निसर्ग वाचवण्याच्या नावाखाली माणूस हौसही भागवून घेऊ शकतो. डौल उतरवणारा नियम नेमका त्या हौसेवर बोट ठेवतो. सेंद्रिय सुती खोळ, केरळातल्या रबराच्या चिकाचं लॅटेक्स आणि वर प्रमाणपत्राचा शिक्का असलेली महागडी गादी आपल्या चांगुलपणाची पावती म्हणून घेतली जाते, तेव्हा तिला वीतभर जुन्या चिंधीची गरज असते.

वस्तूकडे पाहिलं तरी निर्दोष असं काही सापडत नाही. पॉलियुरेथेन फोम खनिज तेलातून येतो. लॅटेक्स झाडातून येतं, पण आग्नेय आशियात रबराच्या लागवडीसाठी जंगलं तुटली आहेत, आणि ‘लॅटेक्स’ एवढंच म्हणून विकल्या जाणाऱ्या गादीत कृत्रिम रबर मिसळलेलं असू शकतं. कापसाला पाणी आणि फवारण्या किती लागतात हे विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. काथ्या नारळाच्या सोडणातून निघतो, म्हणून त्यातल्या त्यात बरा. पण बरा म्हणजे निर्दोष नव्हे. तेव्हा शुद्ध पदार्थाच्या शोधात सगळी शक्ती खर्चण्यापेक्षा गादीचा शेवट कसा होणार हे विचारणं अधिक फलदायी आहे, आणि तोच प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही.

चुल्लवग्गात त्याचं उत्तर आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धांचा शिष्य आनंद याला पाचशे वस्त्रं दिली. एवढ्या कापडाचं हा काय करणार, दुकान थाटणार की काय, म्हणून राजा विचारायला गेला. आनंदाचं उत्तर पायरीपायरीनं खाली उतरतं. नवी वस्त्रं ज्या भिक्षूंची चीवरं, म्हणजे अंगावरची वस्त्रं, विरली आहेत त्यांना, विरलेल्या चीवरांचे पलंगपोस, जुन्या पलंगपोसांच्या गाद्यांच्या खोळी, जुन्या खोळींची जमिनीवरची अंथरुणं, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी. आणि फडकी कुटून, चिखलात कालवून जमीन सारवायची. (राजा इतका खूश झाला की त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली. काटकसरीला असं बक्षीस मिळालं तर काटकसर टिकायची कशी, हे तिथं कुणी विचारत नाही.) आपल्याकडे पिंजाऱ्याच्या हाती गेलेली कापसाची गादी याच वाटेनं जात होती. खोळ उसवायची, गुठळ्या झालेला कापूस पिंजून मोकळा करायचा, थोडा नवा घालून नव्या खोळीत भरून टाके घालायचे. जुन्या खोळीची मग गोधडी. आजच्या गादीत फोम, लॅटेक्स आणि पॉलिस्टर एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यातला एक थर दबला की अख्खी गादी कचऱ्यात जाते, तीत वीस टक्के निसर्ग असो वा ऐंशी. म्हणून खोळ निघते का, थर सुटे होतात का, दबलेला थर तेवढाच बदलून मिळेल का, हे विचारायला हवं. प्रमाणपत्र नंतर पाहावं.

हे सगळं ज्याला परवडतं त्याच्यासाठी, असं कुणी म्हणेल. पण या नियमांतला सर्वांत कडक नियम पाळायला पैसे लागतच नाहीत. घरात धड स्थितीतली फोमची गादी असताना, ती पर्यावरणाला घातक असल्याचं वाचून कुणी ती टाकून देत असेल आणि सेंद्रिय लॅटेक्सची मागवत असेल, तर संथताच्या नियमानं दोष त्या नव्या गादीलाच लागतो. जुनी मोलकरणीला दिली म्हणून तो फिटत नाही. नियमानं ती पळवाट नाव घेऊन बंद केली आहे. पाठ खरोखर दुखत असेल तर गोष्ट वेगळी, आजाऱ्याला सूट आहेच. पण तिथंही ती ज्याची त्यानं स्वतःलाच देऊन टाकायची नसते, संघाकडून मागून घ्यावी लागते.