हजेरी आणि अमानत

शाळेत आमचे रोजचे पहिले काम हजेरीचे. नाव पुकारायचे, समोरून 'हाज़िर' असा आवाज यायचा आणि पत्रकात खूण करायची. पावसाळ्यात दोन-चार घरे रिकामी राहतात, ऊसतोडीच्या दिवसांत आणखी काही. बी.एड.च्या वर्गात आम्हाला बजावून सांगितले होते की न आलेल्या मुलाची हजेरी लावणे हा नुसता कागदी खोटेपणा नव्हे. त्या मुलाची चौकशी करण्याची संधी आपण त्या खुणेने गमावतो. हा धडा आम्ही शाळेत पाळला. घरात मात्र तो आम्हाला पाळता आला नाही. त्यातून जो प्रश्न उभा राहिला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हे लिहीत आहोत.

आमच्या धाकट्या बहिणीला बायपोलर डिसऑर्डर आहे. मराठीत त्याला द्विध्रुवीय विकार म्हणतात. आमच्या घरात त्याला 'चढ' आणि 'उतार' असे दोनच शब्द आहेत. चढाच्या दिवसांत तिला झोप लागत नाही आणि झोपेची गरजही वाटत नाही. ती रात्री दोनला कपाटे आवरते, भराभर बोलते, नको त्याला पैसे देऊन बसते. उताराच्या दिवसांत केस विंचरणेही तिला डोंगराएवढे होते. पहिली तीन वर्षे आम्ही ताविज, दम केलेले पाणी आणि 'लग्न झाले की सुधारेल' यांत घालवली. नंतर डॉक्टर भेटले, गोळ्या सुरू झाल्या. चढ-उतार पूर्ण थांबले नाहीत, पण त्यांच्यामध्ये मोकळी जागा झाली. त्या जागेला आम्ही 'मधले दिवस' म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मोबाइलवर एका अभ्यासाचे निमंत्रण आले. या आजाराच्या माणसाने स्वतःची काळजी स्वतः कशी घ्यावी, याचे काही धडे इंटरनेटवरून द्यायचे आणि त्यांचा उपयोग होतो का ते तपासायचे, असा तो अभ्यास. रोज मनाची स्थिती एक ते दहा अंकांत नोंदवायची, झोपेचे तास लिहायचे, गोळी घेतली की नाही ते लिहायचे. संमतीपत्र इंग्रजीत होते. तिने ते चढाच्या दिवसांत पाहिले आणि न वाचताच होकार दिला. दीड महिन्याने उतार आला. तिने मोबाइल उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. नोंदीची आठवण करणारे संदेश रोज येत राहिले.

आणि आम्ही काय केले? अकरा दिवस तिच्या नावाने नोंदी भरल्या. हेतू वाईट नव्हता. एवढे चांगले काम सुरू झाले आहे, ते अर्धवट सुटू नये, तिला बरे वाटेल तेव्हा वही पूर्ण दिसावी, असे वाटले. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघायचो आणि अंदाजाने कधी तीन तर कधी चार लिहायचो. एका दिवशी तिने चहा मागून घेतला, म्हणून पाच लिहिले.

मधल्या दिवसांत तिने मोबाइल उघडला, त्या अकरा नोंदी वाचल्या आणि विचारले, "आपा, मेरे दिल की हाज़िरी तुम लगाए?"

या एका वाक्याने आमच्या अंगावरचा शिक्षकपणा उतरला. तिचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. "वह पाच वाला दिन सबसे बुरा था," ती म्हणाली. त्या दिवशी तिने चहा मागितला, तो आम्ही तिच्या उशाशी बसलेल्या होतो आणि तिला आम्ही खोलीबाहेर जायला हवे होते म्हणून.

प्रश्न असा आहे : आपले दुखणे संशोधनाला द्यावे का? आणि द्यायचे ठरले, तर ते देण्याचा अधिकार कुणाचा?

पहिल्या भागाचे उत्तर आम्हाला तिच्या गोळीच्या पाकिटात मिळाले. ती लिथियम घेते. 1949 साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण दिसतो हे प्रसिद्ध केले. त्याने आधी ते स्वतः घेऊन पाहिले आणि मग दहा उन्मादी रुग्णांना दिले. त्यांपैकी पहिल्याच रुग्णाचा पुढच्या वर्षी लिथियमच्या विषबाधेने मृत्यू झाला. किती मात्रा तारते आणि किती मारते, हे तेव्हा कुणाला नीट कळत नव्हते. आज बहिणीचे रक्त ठराविक काळाने तपासले जाते, त्यामागे अशा माणसांची किंमत आहे. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी लिथियमचा काटेकोर अभ्यास केला. त्यांचा सख्खा भाऊ वारंवार येणाऱ्या नैराश्याने ग्रासलेला होता आणि त्यालाही याच औषधाने आराम पडला. म्हणजे आमच्यासारखेच एक घर तेथेही होते. आम्ही या सगळ्या अनोळखी माणसांचे देणे लागतो. ज्याने आंबा खाल्ला, त्याने एखादी कोय तरी मातीत टाकावी, हे साधे शहाणपण आहे.

देण्याचे दुसरे कारण भाषेचे आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने बारा राज्ये पाहिली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. बायपोलर असलेल्या सुमारे सत्तर टक्के माणसांपर्यंत उपचार पोचलेले नाहीत, असे त्या पाहणीत आढळले. डॉक्टर दूर, गाडीभाडे वेगळे आणि मोहल्ल्यात कुणी पाहील ही भीती त्याहून वेगळी. अशा वेळी मोबाइलवरची मदत उपयोगी पडू शकते. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर सुरू आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. पण स्वतःची काळजी शिकवणारे धडे आधी कुणाच्या तरी अनुभवावर घासून पाहावे लागतात. इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठाने असे काम केले आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका चाचणीत बायपोलर असलेली 96 माणसे होती. आजाराची पुढची लाट येण्याआधीच्या खुणा ओळखायला त्यांना इंटरनेटवरून शिकवले गेले. लाट लांबल्याचे दिसले नाही, पण खुणांवर लक्ष ठेवण्याची सवय वाढली. फायदा किती आणि कोठे थांबतो हे दोन्ही कळले, ते त्या 96 जणांनी खरे सांगितले म्हणून.

आमच्या माणसांनी असे काही सांगितलेच नाही, तर आमच्यासाठी धडे कुणाच्या शब्दांत लिहिले जाणार? 'मूड' या शब्दापाशीच आमची गाडी अडली होती. उर्दूत 'मिज़ाज' म्हणावे तर तो स्वभाव होतो. 'तबियत' म्हणावे तर अम्मी ताप बघायला कपाळावर हात ठेवते. बहीण म्हणते, "दिल भारी है." या भारीपणाला एक ते दहात कोठे बसवायचे? तिने स्वतःच एक माप शोधले. सकाळची अज़ान ऐकू आली तेव्हा ती आधीपासून जागी होती की अज़ानने जागी झाली की ऐकूनही उठली नाही. आधीपासून जागी आणि ताजीतवानी, असे तीन दिवस सलग झाले तर चढ येतो आहे. कमी झोप ही चढाची आगाऊ खूण असते, हे डॉक्टरही सांगतात. पण हे माप आमच्या गल्लीतून निघाले. असे माप संशोधकांपर्यंत पोचणे ही देण्यासारखी वस्तू आहे.

इथवर आमचे मन देण्याच्या बाजूने आहे. पण देणे लागतो म्हणून आजारी माणसाच्या हातून ते ओढून घेता येत नाही. आणि येथे या आजाराची खरी अडचण समोर येते. चढाच्या दिवसांत ती सगळ्याला हो म्हणते, उतारात सगळ्याला नाही. मग तिचा खरा शब्द कोणता? काही जण म्हणतील, दोन्ही आजाराचे, म्हणून घरच्यांनी ठरवावे. आम्हीही हेच समजत होतो आणि त्यातूनच अकरा खोट्या नोंदी झाल्या.

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो मे 2018 मध्ये लागू झाला, वेगळी वाट दाखवतो. मानसिक आजार आहे म्हणून माणसाची निर्णयशक्ती गेली असे तो धरून चालत नाही. संशोधनासाठी त्या माणसाची मोकळी आणि समजून दिलेली संमती घ्यावी, आणि त्याने ती केव्हाही मागे घेतली तरी चालावी, असे तो सांगतो. शिवाय आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत आणि गरज पडल्यास आपल्या वतीने कुणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क तो देतो. यातून आम्हाला उत्तर सापडले : शब्द मधल्या दिवसांत द्यावा. चढात दिलेला होकार मधल्या दिवसांत पुन्हा विचारून घ्यावा. उतारातला नकार मात्र लगेच मानावा. होकाराला थांबवून धरता येते. नकाराला थांबवणे म्हणजे जबरदस्ती.

आमच्या घरात एक शब्द लहानपणापासून वापरात आहे, अमानत. मराठीत ठेव. शेजारीण हजला निघाली की दागिने आमच्या अम्मीकडे ठेवून जायची. अम्मी ते डबे उघडूनही बघत नसे. ते दागिने अम्मीला भेट दिलेले नव्हते आणि विकलेलेही नव्हते. संशोधनाला दिलेले दुखणे हे अमानतच आहे, असे आम्हाला वाटते. ते घेणाऱ्याने जपावे, सांगितलेल्या कामालाच वापरावे, मागितल्यास परत करावे आणि त्यातून काय निघाले ते मालकाला समजेल अशा भाषेत कळवावे. इंग्रजी संमतीपत्रावर बोट टेकवून घेणे म्हणजे अमानत घेणे नव्हे.

हे होऊ शकते, याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्याचे ज्ञान दिले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. गावाच्या आजारांची माहिती त्या गोळा करत आणि तिचा उपयोग त्याच गावात करत. नोंद घेणारी आणि जिची नोंद घेतली ती, दोघी एकाच आडावर पाणी भरत. माहिती वर जाऊन परत न येण्याचा प्रश्नच तेथे नव्हता. मोबाइलवरच्या अभ्यासाला आड नसतो, म्हणून त्याला परत येण्याची वाट मुद्दाम बांधावी लागते.

पण अमानतीचे बंधन ठेवणाऱ्यावरही असते. खोटे दागिने ठेवून खऱ्यांची पावती मागता येत नाही. आमच्या अकरा नोंदींमुळे कुणाचा मृत्यू झाला नसता. पण अशा शंभर घरांनी मायेपोटी अंदाज भरले, तर निकाल आजारी माणसाचा राहत नाही, त्याच्या नातेवाइकांचा होतो. आणि त्या निकालावरून उद्या दुसऱ्या कुणाच्या बहिणीला सल्ला दिला जातो. माया हे खोट्या नोंदीचे कारण होऊ शकते, सबब होऊ शकत नाही. आम्हाला आमचे सांगायचे असेल तर आमच्या नावाने सांगावे. लँकेस्टरच्या लोकांनी नातेवाइकांसाठी वेगळा अभ्यास केला, त्यात 800 नातेवाईक होते. घरच्यांचा ताण हेही एक खरे दुखणे आहे, पण ते दुसऱ्याच्या रकान्यात लिहायचे नसते.

बहिणीने मधल्या दिवसांत दोन कामे केली. पहिले, आम्हाला शेजारी बसवून अभ्यास करणाऱ्यांना पत्र लिहायला लावले : या अकरा नोंदी माझ्या नाहीत, माझ्या आपाच्या आहेत, त्या काढून टाका. शिक्षिकेला स्वतःच्या हाताने आपली चूक लिहून देणे किती जड जाते, हे त्या दिवशी कळले. उत्तर यायला पुष्कळ दिवस लागले, पण आले. नोंदी काढल्या गेल्या. दुसरे, संमतीपत्र तिने आमच्याकडून ओळीओळीने उर्दूत समजावून घेतले आणि मग विचार करून पुन्हा होकार दिला. सोबत आपल्या वहीत तिने लिहून ठेवले : उतारात मी नोंद केली नाही तर जागा रिकामी राहू द्यावी.

आमच्या नगरच्या किल्ल्यात, ज्या शहराचे नाव 2024 पासून अहिल्यानगर आहे, मौलाना आज़ाद 1942 ते 1945 या काळात कैदेत होते. पत्रे टाकण्याची सोय नसताना त्यांनी तेथे आपल्या मित्राला पत्रे लिहिली. पुढे 1946 साली 'ग़ुबार-ए-ख़ातिर' म्हणून ती छापली गेली. एप्रिल 1943 मध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली, तेही त्यांनी किल्ल्याच्या आत सोसले आणि लिहिले. वाचणारा कधी भेटेल हे ठाऊक नसतानाही माणूस आपल्या मनाची खरी नोंद ठेवतो, कारण ती ठेवण्यानेच त्याला तग धरता येतो. दहाव्या शतकातल्या अबू ज़ैद अल-बल्खी या विद्वानाने सांगितले होते की औषध घरात साठवतो तसे धीराचे विचार बऱ्या दिवसांत साठवून ठेवावेत, वाईट दिवसांत ते कामी येतात. आज ज्याला सेल्फ-हेल्प म्हणतात, त्यातले निम्मे एवढ्यातच आले. उरलेले निम्मे म्हणजे ती साठवण ज्याची त्याने करावी, हे.

तो अभ्यास आता संपला आहे. बहिणीची वही चालू आहे. मागच्या महिन्यात तिच्यात चार घरे रिकामी होती. आम्ही ती पाहिली, पेन उचलले नाही. तिच्या खोलीच्या दारावर टकटक केले आणि विचारले, "आत येऊ का?" आतून आवाज आला, "आज नको, आपा." आम्ही दाराबाहेर चहा ठेवला आणि शाळेला निघालो.