वालुकाश्मातली नदी आणि अनुमान

नदी फुगलेली दिसली की वर पाऊस झाला असे ठरवायचे, हा न्यायदर्शनातल्या शेषवत् अनुमानाचा नेहमीचा दाखला: कार्यावरून कारण. कर्जत तालुक्यात आषाढात पोशीर नदीकाठी उभा असलेला माणूस सह्याद्रीतला पाऊस असाच ओळखतो. न्यायसूत्रांतच यावर आक्षेप आहे: प्रवाह अडला तरी पाणी चढेल. भाष्यकार वात्स्यायनाचे उत्तर मार्मिक आहे. नुसते चढलेले पाणी हा पुरावा नव्हे. ओढ, फेस, वाहून आलेली पाने-लाकडे मिळून तो होतो.

खडकात उरलेल्या नदीबद्दलही असेच अनुमान करता येते. पोशीरखालचा खडक मात्र लाव्हाचा, बेसाल्ट. प्राचीन नदीची वाळू पाहायची तर नागपूरजवळ कामठीचे वालुकाश्म गाठावेत. वय सुमारे 25 कोटी वर्षे. त्यांत तिरपे थर दिसतात. प्रवाह वाळूचे उंचवटे पुढे ढकलतो, त्यांच्या उतरणी एकावर एक साचतात. थरांचा उतार जिकडे, साधारण तिकडे पाणी वाहत होते. पण वाऱ्याच्या टेकड्याही तिरपे थर ठेवतात! म्हणून खरवडलेला पाया, तळाचे गोटे, वर बारीक होत गेलेले कण असे सगळे जुळवून पाहतात.

खरी अडचण पुढे आहे. पोशीरकाठचा माणूस वर जाऊन खात्री करील. कामठीच्या नदीकडे कोण जाणार? प्रत्यक्षच प्रमाण मानणारा चार्वाक इथेच अडवतो. भूविज्ञानाची भिस्त व्याप्तीवर, म्हणजे खूण आणि तिच्यावरून कळणारी गोष्ट यांच्या अटळ संबंधावर: वाळू आणि पाणी तेव्हाही आजच्यासारखेच वागत. मात्र तळकोकणातले कलादगी वालुकाश्म जमिनीवर झाडे येण्याआधीचे. मुळांनी न बांधलेल्या त्या काठांना आजची नदी जशीच्या तशी लावता येत नाही.