पूर्वजांचे येणे-देणे

मराठी मुसलमानाला एक उत्तर फार लहानपणी तयार ठेवावे लागते. शाळेत अफझलखानाचा धडा सुरू झाला की वर्गातल्या चार-दोन माना आपल्याकडे वळतात. तिथपासून थेट पन्नाशीत कचेरीतल्या चहाच्या टेबलापर्यंत तेच उत्तर कामी येते. जे सुलतान-बादशहा होऊन गेले त्यांच्या राज्याचा सातबारा आमच्या नावावर नाही, मग त्यांच्या पापांचे दप्तर आमच्या दारात कशाला आणता? उत्तर बरोबर आहे. ते आम्ही आजही देतो. पण एखादे तत्त्व आपल्या सोयीचे असते तोवर त्याची परीक्षा झालेली नसते. ती उलट बाजूने घ्यावी लागते. आम्हा दोघांवर, म्हणजे दाभोळखाडीच्या काठच्या एका नवरा-बायकोवर, ती वेळ लिस्बनमध्ये आली. एक शनिवार-रविवार आम्ही ते शहर पायी हिंडत होतो.

प्रश्न असा. पूर्वजांच्या पापाचे देणे वारशाने येत नसेल, तर पूर्वजांवर झालेल्या जुलमाचे येणे वारशाने कसे येईल? आणि येत नसेल, तर वास्को द गामाच्या कबरीपुढे आमच्या घशाशी आले ते काय होते?

लिस्बन तेजू नदीच्या मुखाशी टेकड्यांवर वसले आहे. सात टेकड्या म्हणायची पद्धत आहे. गुडघ्यांना त्या जास्त वाटतात. अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम चढावरून जाते, पण तिच्यात पाय ठेवायला जागा नसते आणि आम्हाला पाखाडी चढायची सवय. रस्ते पांढऱ्या चुनखडीच्या बारक्या दगडांचे, पावसाची सर येऊन गेली की साबण फासल्यासारखे निसरडे. चढावर माणूस दर पन्नास पावलांवर दम खायला थांबतो, आणि थांबला की समोरची पाटी वाचतो. आमचे निम्मे लिस्बन असे पाट्या वाचण्यात पाहून झाले.

किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीचे नाव अल्फामा. मूळ अरबी अल-हम्मा, म्हणजे आपल्या उन्हवऱ्यासारखे गरम पाण्याचे झरे. घरांच्या भिंतींवरच्या रंगीत फरशांना अझुलेजु म्हणतात, तो शब्दही अरबीतून आलेला. आणि बेकरीत पाव, किराणा दुकानात साबण, घराच्या दाराला चावी. हे शब्द त्यांनी आपल्याला दिले आणि आपण ते इतके मुरवले की देणाऱ्याचे नाव विसरलो. मोठ्या चर्चच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, अल्जूब नावाची इमारत आहे. अरबीत जुब्ब म्हणजे विहीर. हजरत यूसुफ यांना भावांनी ज्या विहिरीत टाकले तिच्यासाठी कुरआनात हाच शब्द आला आहे. इथे १९२८ ते १९६५ या काळात हुकूमशाहीने आपल्याच देशाच्या राजबंद्यांना डांबले. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. त्या अरुंद कोठड्यांपुढे आम्ही बराच वेळ उभे होतो; त्याचे कारण पुढे येईल.

वरचा किल्ला ११४७ मध्ये मुसलमानांच्या हातून गेला. अफोन्सु हेन्रिकिश राजाने वेढा घातला आणि पवित्र भूमीकडे निघालेले इंग्रज, फ्लेमिश, जर्मन क्रूसेडवाले त्याच्या मदतीला थांबले. शहर पडल्यावर लूट झाली, कत्तल झाली. त्या कत्तलीत शहराचा ख्रिस्ती बिशपही मारला गेला. म्हातारा माणूस, मुसलमानी अमलात आपल्या लोकांचा बिशप म्हणून राहिलेला. धर्मासाठी आलेल्यांनी त्याचा गळा चिरला. ही नोंद विजेत्यांच्याच बाजूने लिहिलेल्या वृत्तांतात आहे. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशा दोन वह्या घेऊन बसणाऱ्याने या म्हाताऱ्याला कोणत्या वहीत लिहावे?

उरलेल्या मुसलमानांना त्याच राजाने ११७० मध्ये संरक्षणाची सनद दिली. किल्ल्याच्या उतारावर त्यांची वस्ती झाली, तीच मोरारिया. तीनशेहून अधिक वर्षे ते तिथे राहिले. मग डिसेंबर १४९६ मध्ये मानुएल राजाने ज्यू आणि मुसलमान दोघांनाही देश सोडण्याचा हुकूम काढला. प्रत्यक्षात मुसलमानांना जाऊ दिले आणि ज्यूंना बहुतांशी सक्तीने बाटवले. सोळाव्या शतकातला इतिहासकार दामियांव द गोइश याचे कारण सरळ सांगतो : मुसलमानांची राज्ये बाहेर होती, ती सूड घेतील ही भीती होती, ज्यूंचे राज्य कुठेच नव्हते. बाटलेल्या ज्यूंनाही सुख लागले नाहीच. एप्रिल १५०६ मध्ये साव दोमिंगुश चर्चपासून सुरू झालेल्या दंगलीत त्यांची हजारोंनी कत्तल झाली. चर्चसमोरच्या चौकात २००८ मध्ये त्यांचे स्मारक उभारले गेले. चर्च स्वतः १९५९ च्या आगीत जळाले. आतले खांब अजून भाजलेले, तडकलेले आहेत. शनिवारची संध्याकाळ आम्ही तिथे काढली.

रविवारी नदीकाठाने चालत बेलेंला गेलो. हा रस्ता सपाट. जेरोनिमुशचा मठ पाहिला की माणूस गप्प होतो. दगडात कोरलेले दोरखंड, पोवळी, पाने, नारळाच्या झाडासारखे वर जाऊन फाकणारे खांब. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला काम सुरू झाले आणि पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून ते चालले. म्हणजे या खांबांत मलबारची मिरी आहे. आत शिरताच वास्को द गामाची कबर. तो १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरला गेला, पुढे हाडे इकडे आली. कबरीवर जहाज कोरले आहे. ते ‘मीरी’ नव्हे.

‘मीरी’ हे मक्केहून परतणारे जहाज. ऑक्टोबर १५०२ मध्ये मलबारच्या किनाऱ्याजवळ गामाने ते अडवले. हज करून येणारी शेकडो माणसे होती, बायका होत्या, मुले होती. त्यांनी खंडणी देऊ केली. काही मुले काढून घेऊन त्याने जहाज माणसांसकट जाळले. गामाच्याच ताफ्यातल्या एकाने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले म्हणून हे आपल्याला ठाऊक आहे. सहा वर्षांनी, डिसेंबर १५०८ मध्ये, अल्मेदाने आमचे दाभोळ जाळले. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला आणि तिथल्या मुसलमानांना कापून काढल्याचे राजाला अभिमानाने कळवले. त्या अल्बुकर्कचा पुतळा मठापासून चालत जाण्याच्या अंतरावर उंच खांबावर उभा आहे.

आमच्या शेजारी शाळेच्या वयाची एक मुलगी आईचा हात धरून त्याच कबरीकडे पाहत होती. तिच्याकडून आमचे काय येणे निघते? अर्थात काही नाही. मग कोणाकडून निघते?

याचा विचार करताना आम्हाला आधार सापडला तो एका जुन्या, व्यवहारी नियमाचा. माणूस मेला की त्याचे कर्ज त्याने मागे ठेवलेल्या मिळकतीतून, तरक्यातून फेडायचे आणि मग वाटण्या करायच्या. तरका अपुरा पडला तर मुलाच्या खिशाला हात घालता येत नाही. देणे रक्ताच्या मागे जात नाही, मिळकतीच्या मागे जाते. येणे मात्र वारसांना मिळते. इथे कोणी म्हणेल, मग झाले, ‘मीरी’चे येणे आमचे! पण वारस कोण? वारस व्हायला नाते शाबीत करावे लागते. त्या जहाजावरचे लोक मुसलमान होते आणि आम्ही मुसलमान आहोत, एवढ्यावर आम्ही त्यांचे वारस ठरत असू, तर त्याच न्यायाने प्रत्येक बादशहाचेही वारस ठरतो. मग चहाच्या टेबलावरचे ते उत्तर आम्हाला पुन्हा देता येणार नाही. येण्याच्या वेळी उम्मत आणि देण्याच्या वेळी व्यक्ती, हे चालणार नाही.

आणि ‘ते’ म्हणजे तरी कोण? बेलेंच्या पुढे त्याच किनाऱ्याने गेले की काशियशचा तुरुंग लागतो. गोवामुक्तीसाठी लढलेले सांगलीचे मोहन रानडे तिथे कैदेत होते. १९५५ मध्ये पकडले गेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी हे १९६९ पर्यंत कैदेतच. ज्या सत्तेने रानड्यांना तिथे कोंडले, तिनेच पोर्तुगीज कामगार, शिक्षक, विद्यार्थी अल्जूबमध्ये कोंडले होते. १९७४ च्या एप्रिलमध्ये ती सत्ता उलथली ती पोर्तुगिजांनीच. त्यांच्या नातवंडांना गामाचे वारस म्हणायचे की अल्जूबच्या कैद्यांचे?

घशाशी आलेले मात्र खोटे नव्हते. ते दाभोळचे होते. ज्या बंदराच्या वाऱ्यावर आम्ही वाढलो ते जळाले, याचे वाईट वाटायला वारसाहक्काचा दाखला लागत नाही. तसे वाईट त्या बिशपचेही वाटले.

राहता राहिला तरका. मठ उभा आहे, त्याचे तिकीट फाडले जाते, गामाचे नाव पुलालाही आहे. ही मिळकत ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे देणे उरतेच. निदान कबरीशेजारी ‘मीरी’चे नाव लिहिण्याइतके. २०१५ पासून पोर्तुगालने बाटवलेल्या-हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्वाचा दरवाजा उघडला. पुढे अटी कडक केल्या, पण देणे मान्य केले. त्याच हुकुमाने गेलेल्या मुसलमानांसाठी असा कायदा झाला नाही. आम्हाला ते नागरिकत्व नको आहे, पण एकाच हुकुमाची अर्धीच ओळ आठवणे हा हिशेब सरळ नाही.

आणि आमच्या हातातला तरका? सल्तनती बुडाल्या, त्यांचे काही आमच्याकडे आले नाही. पण आमच्या जमाती चालू आहेत, त्यांच्या जमिनी आहेत, वह्या आहेत, आणि त्याबरोबर आलेली मानपानाची उतरंडही आहे. कोकणात मासेमारी करणाऱ्या दालद्यांच्या घरी सोयरीक जोडताना आजही किती घरांत कुजबुज होते? मशिदीत एका सफेत उभे राहणारे लग्नाच्या वेळी सफ बदलतात. हे बादशहाचे देणे नाही, आमचेच आहे.

रविवारी रात्री जेवायला मोरारियात आलो. चौकाला मार्तीं मोनीझचे नाव आहे. ११४७ मध्ये किल्ल्याचा दरवाजा मिटू नये म्हणून ज्याने त्यात स्वतःला चिरडून घेतले, अशी दंतकथा आहे, तो हा सरदार. आज त्याच्या चौकाभोवती बांगलादेशी, पाकिस्तानी, नेपाळी दुकाने आहेत. जवळच्या बेनफोर्मोझु गल्लीत १९ डिसेंबर २०२४ रोजी पोलिसांनी झडती घेतली तेव्हा रस्त्यावरच्या डझनावारी परदेशी माणसांना भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभे केले होते. पुढच्या महिन्यात ‘आम्हाला भिंतीला लावू नका’ म्हणत हजारो लोक लिस्बनच्या रस्त्यांवरून चालत गेले. खानावळीच्या सिल्हेटी मालकाला आम्ही विचारले, मोर्चात आपले लोक किती होते? त्याने डाळीचे पातेले खाली ठेवले आणि आम्हालाच विचारले, आपले म्हणजे कोणते?