फुकट मिळाले, पण दिले कोणी?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वडोदऱ्याच्या अभ्यासवर्गात एक प्रश्न निघाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. वर्गात आम्ही पंधरा-सोळा जण आहोत, बहुतेक नोकरीच्या निमित्ताने गुजरातेत येऊन इथलेच झालेले मराठी. उपनिषदांचे एक मराठी भाषांतर वाचायला घ्यायचे ठरले. पुस्तक जुने, दुकानात मिळेना, प्रकाशकाकडेही प्रती संपलेल्या. पुढच्या रविवारी वर्गातला एक तरुण साधक हार्ड डिस्क घेऊन आला. त्यात ते पुस्तक होतेच, शिवाय आणखी ३१२ मराठी पुस्तके आणि वर नाट्यसंगीताचा मोठा साठा. "काका, टॉरेंटवरून एका रात्रीत सगळं उतरलं," तो म्हणाला. सर्वांनी त्याचे कौतुक केले. मीही केले.

घरी पुस्तक उघडल्यावर लक्षात आले की भाषांतर करणाऱ्या ताई हयात आहेत आणि एका व्याख्यानाच्या वेळी त्यांच्याशी माझी ओळखही झाली होती. फोन केला. आमचा वर्ग त्यांचे पुस्तक वाचतो आहे हे ऐकून त्यांना आनंद झाला. मग त्यांनी विचारले, "प्रत कुठे मिळाली तुम्हाला?" मी सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. "मागितली असतीत तर मीच फाइल पाठवली असती हो," त्या म्हणाल्या, "पण मला कोणी विचारलंच नाही." दुसरी आवृत्ती काढायचे प्रकाशकाने मनावर घेतले होते, पुस्तक फुकट फिरते आहे हे कळल्यावर त्यांनी विचार सोडून दिला, असेही त्या जाता जाता बोलून गेल्या.

पुढच्या रविवारी मी हे वर्गात सांगितले. तरुणाने लगेच उत्तर दिले, आणि त्याचे उत्तर टाकाऊ नव्हते. "काका, मी कुणाची वस्तू उचलली का? ताईंकडचं पुस्तक ताईंकडेच आहे. नक्कल केली म्हणजे चोरी कशी? आणि बाजारात मिळतच नव्हतं, मग नुकसान कुणाचं?"

आधी हे टॉरेंट चालते कसे ते पाहू, कारण अर्धा प्रश्न तिथेच आहे. यात फाइल एका ठिकाणाहून येत नाही. तिचे शेकडो लहान तुकडे केलेले असतात आणि ज्यांच्या ज्यांच्या संगणकावर ते आहेत त्या सर्वांकडून ते थोडे थोडे येतात. बिटटोरेंट ही पद्धत २००१ साली आली. तिची खुबी अशी की आपण घेत असतानाच आपल्याकडे आलेले तुकडे आपला संगणक दुसऱ्यांना देऊ लागतो. त्या रात्री आमचा तरुण झोपला होता तेव्हा त्याचा संगणक अनोळखी माणसांना ताईंचे पुस्तक वाटत होता. म्हणजे तो नुसता वाचक नव्हता, वितरकही होता. हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही, पण त्याने त्याचा असा विचार केला नव्हता.

पद्धत स्वतः निर्दोष आहे. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली याच मार्गाने कायदेशीरपणे लाखो लोकांपर्यंत जाते. कुऱ्हाड लाकूडही तोडते आणि दारही फोडते.

कायदा काय म्हणतो? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. कलम ५२ मध्ये खासगी वापर आणि संशोधन यांसाठी रास्त वापराची मोकळीक आहे. एक आख्खे पुस्तक किंवा चित्रपट उतरवून घेणे त्यात बसते का, यावर वाद घालता येईल. पण तेच अनोळखी लोकांना वाटणे हा खासगी वापर म्हणता येणार नाही. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभासाठी केले नसेल तर न्यायालय सबळ कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकते. घरबसल्या उतरवणाऱ्याच्या दारात पोलीस येत नाहीत, हे सर्वांना माहीत आहे. न्यायालये बहुधा संकेतस्थळेच बंद करायला सांगतात, आणि प्रतिवादी कोण हे ठाऊक नसेल तर त्याचे नाव 'अशोक कुमार' असे धरतात. म्हणजे आपण सगळे अशोक कुमार!

पकडले जाण्याची भीती नसताना माणूस काय करतो, यावरच साधनेची परीक्षा असते. म्हणून कायद्यापाशी मी फार थांबत नाही. शिवाय कायदा म्हणजे धर्म नव्हे. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क राहत असे. १९९२ साली ते ६० केले, त्यामागे रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला होता हे मोठे कारण होते. दहा वर्षे इकडेतिकडे झाल्याने पाप-पुण्य बदलत नाही. तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे शोधायला हवे.

पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय तिसरे ठेवले आहे, अहिंसा आणि सत्य यांच्या लगेच पाठोपाठ. व्यासभाष्यात स्तेयाचा अर्थ दिला आहे तो असा की दुसऱ्याचे द्रव्य शास्त्राने सांगितलेल्या रीतीवाचून घेणे. यात समोरच्याकडे काही उरले की नाही याचा उल्लेख नाही. भर रीतीवर आहे. गीतेचा तिसरा अध्याय तर आणखी पुढे जातो. जे मिळाले ते देणाऱ्याला काही न अर्पिता जो एकटाच भोगतो, त्याला तिथे चोर म्हटले आहे. कुणाचे काही हिरावले म्हणून नव्हे. चक्र चालू होते, याने त्यातून घेतले आणि परत घातले नाही, म्हणून. 'नक्कल केली, मूळ तिथेच आहे' या युक्तिवादाला याहून नेमके उत्तर मला सापडलेले नाही.

गंमत अशी की टॉरेंटवाल्यांनाही हा नियम ठाऊक आहे! नुसते घेऊन परत न वाटणाऱ्याला ते 'लीच' म्हणतात, म्हणजे जळू. त्यांच्यातही देवाणघेवाणीची नीती आहे. फक्त त्यांचे देणे घेणाऱ्यांनाच पोहोचते. ज्या ताईंनी वर्षानुवर्षे शब्दाला शब्द तोलून भाषांतर केले, त्या त्यांच्या वर्तुळात कुठेच नाहीत.

यावर वर्गातल्या एका ज्येष्ठ भगिनीने वेगळीच शंका काढली. आपल्याकडे ग्रंथ उतरवून घेणे हे पुण्यकर्म होते ना? खरे आहे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला आहे. मठामठांतून नकला होत. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी लिहून ठेवले. कुणी परवानगीपत्र मागितले नाही. पण त्या ग्रंथकर्त्यांची इच्छाच ग्रंथ पसरावा अशी होती, आणि नकलणारा मूळ नाव पुसत नसे. कीर्तनकार आजही अभंग म्हणताना शेवटची मुद्रा गाळत नाही. आमच्या डिस्कवरच्या कित्येक पुस्तकांची मुखपृष्ठे आणि नामपृष्ठे कापलेली होती. लेखक कोण तेच कळेना. पैशाचे सोडा, मुद्रासुद्धा खाल्ली!

इथे मला गांधीजी आठवतात. 'हिंद स्वराज'च्या इंग्रजी आवृत्तीवर त्यांनी कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत असे छापले होते. पुढे मात्र त्यांनी आपल्या लेखनाचे हक्क नवजीवनकडे सोपवले. सोडायचे की राखायचे, हे दोन्ही वेळा त्यांनी स्वतः ठरवले. आमच्या तरुणाला 'ज्ञान सर्वांचे आहे' असे मनापासून वाटते, आणि ते सुंदरच आहे. पण त्याने केलेला त्याग ताईंच्या खिशातला होता. अपरिग्रह लेखकाने पाळायचा, अस्तेय वाचकाने. आपण बहुतेक वेळा अदलाबदल करतो.

मला उपदेश करण्याचा फारसा अधिकार नाही, हेही इथेच सांगतो. आमच्या केंद्राच्या स्मरणिकेचे पहिले दोन अंक मी स्वतः बसवले ते परवाना नसलेल्या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर, आणि फॉन्टही कुणाकडून तरी सीडीवर उतरवून आणलेले. संपादकीय सत्यनिष्ठेवर होते. तेव्हा 'संस्थेकडे पैसे नाहीत, काम तर चांगलं आहे' एवढे कारण पुरले. आज एक टाइपने 'मुक्त'सारखे देवनागरी फॉन्ट सर्वांना मोकळे करून दिले आहेत, त्यामुळे तो मोह उरलेला नाही. पण मोह संपला म्हणजे माझा निग्रह वाढला असे नव्हे.

मग डिस्कचे काय करायचे? तरुण म्हणाला, पुसून टाकतो. मी म्हटले, थांब, आधी यादी करू. दोन रविवार त्यात गेले. बरीच पुस्तके तर कुणाचीच राहिलेली नव्हती: टिळकांचे गीतारहस्य, साने गुरुजींची पुस्तके (गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून मोकळी). अशी पुस्तके मराठी विकिस्रोतावर राजरोस मिळतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाची काही होती, ती मंडळानेच आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. विनोबा १९८२ साली गेले. त्यांचे साहित्य २०४२ संपेपर्यंत मोकळे होत नाही, ते स्वस्तात विकत मिळते, ते घेतले. बाजारात मिळणारी बाकीची पुस्तके पुसली. नाट्यसंगीतही पुसले; तेव्हा तरुणाचा चेहरा पाहवत नव्हता.

ताईंच्या पुस्तकासाठी त्यांना रीतसर पत्र लिहिले. त्यांनी वर्गापुरत्या सोळा झेरॉक्स प्रतींची परवानगी दिली, आणि प्रत्येकाने स्वेच्छेने मानधन पाठवले. एकाने पाठवले नाही. त्याला कुणी विचारले नाही.

शेवटी सतरा पुस्तके उरली आहेत. लेखक दिवंगत, प्रकाशनसंस्था बंद, वारस सापडत नाहीत आणि ६० वर्षे झालेली नाहीत. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती करून ठेवायला कायदा अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला मुभा देतो, म्हणून सयाजीराव महाराजांच्या वेळेपासूनच्या इथल्या मध्यवर्ती ग्रंथालयात यातली कोणती मूळ पुस्तके आहेत ते पाहायला तरुण दर शनिवारी जातो. आतापर्यंत सहा सापडली. उरलेल्या अकरांबद्दल तो म्हणतो, पुसली तर ती जगातून जातील. मी म्हणतो, ठेवली तर कुणाच्या परवानगीने? डिस्क सध्या वर्गाच्या कपाटात आहे आणि किल्ली त्याच्याकडे.