म्हातारा जाळण्याआधी



आज आपण पवित्र कुटुंबाचा सण साजरा करीत आहोत, आणि या वर्षातले रविवारचे शेवटचे पत्रक तुमच्या हाती पडत आहे. गोठ्यातला बाळ येशू अजून गवतावर निजलेला आहे, अंगणातले तारे उतरलेले नाहीत, करंज्यांचा डबाही पुरता रिकामा झालेला नाही. आणि आळीआळीत पोरांची दुसरीच गडबड सुरू झाली आहे. कुणाच्या घरचा फाटका सदरा, कुणाच्या आजोबांची जुनी पँट, त्यात पेंढा आणि सुका पाला कोंबायचा, वर डोके म्हणून मडके, तोंडात विडी. झाला म्हातारा तयार! मग त्याला मोडक्या खुर्चीत बसवून रस्त्याच्या कडेला ठेवायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून चार पैसे मागायचे, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्याला पेटवून द्यायचे. वसईत, मुंबईत, गोव्यात, ख्रिस्ती वस्त्यांतून ही रीत चालत आली आहे. लहानपणी आम्हीही हे उद्योग केले आहेत, तेव्हा पोरांना रागावण्याचा आमचा विचार नाही. त्याच्या पोटात फटाके मात्र बेताने भरा. शेजारी तान्ही मुले आणि आजारी माणसे असतात.

त्या म्हाताऱ्यावरून संत पौलाची आठवण होते. आजचे दुसरे वाचन कलस्सैकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायातले आहे. ते १२व्या वचनापासून सुरू होते. घरी गेल्यावर बायबल उघडून त्याच्या अगोदरची चार-पाच वचनेही वाचा. तिथे पौल जुन्या मनुष्याविषयी बोलतो. अंगावरचे मळके कपडे उतरवावेत तसा हा जुना मनुष्य त्याच्या कृत्यांसह उतरवून ठेवा आणि नवा परिधान करा, असे तो सांगतो. म्हणजे पौलाच्या मनातही एक म्हातारा आहे, पण तो रस्त्याच्या कडेला बसलेला नाही. उतरवून टाकायच्या गोष्टींची यादीही पौल देतो: राग, संताप, दुष्टपणा, निंदा, तोंडातले घाणेरडे बोलणे, एकमेकांशी खोटे बोलणे. जरा विचार करा, यांतले जवळजवळ प्रत्येक पाप करायला समोर दुसरा माणूस लागतो.

आपले नव्या वर्षाचे संकल्प मात्र बहुधा एकट्याचे असतात. सिगारेट सोडीन, सकाळी चालायला जाईन, संध्याकाळची रोझरी चुकवणार नाही. सगळे चांगलेच आहेत, करावेत. पण 'यंदा मी अमक्याच्या घरची पायरी चढेन' असा संकल्प कानावर पडत नाही. ३१ तारखेच्या रात्री मोबाइलवरून शेकडो नावांना एकाच वेळी शुभेच्छा जातात, आणि त्या शेकडो नावांतून एक नाव जाणूनबुजून गाळलेले असते. ते कोणते, हे गाळणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

घरभेटींना आलो की आम्हाला हे दिसते. एका कुंपणाच्या आत दोन घरे, मध्ये नव्याने घातलेली भिंत. एका घरी चहा घेतला की दुसऱ्या घरची माणसे खिडकीतून बघतात. कारण विचारले तर फार मोठे नसते, आणि लहानही नसते. बांध दोन हात सरकला. विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली. सातबाऱ्यावरून नाव उडाले. बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली, आणि जमिनीला भाव आल्यावर तिला साडीचोळीवर वाटेला लावले. मग बोलणे बंद, जाणे-येणे बंद. चुलत भावंडे एकाच शाळेत जातात आणि एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. आम्ही याला एक शब्द वापरतो: तोंड बघत नाहीत.

बऱ्याच वर्षांपूर्वीची, दुसऱ्या एका धर्मग्रामातली गोष्ट सांगतो. डिसेंबर अखेरचे दिवस होते. सकाळच्या मिस्सानंतर एक वयस्क गृहस्थ आईच्या स्मृतिदिनाची मिस्सा द्यायला आले. नोंदवही उघडली तर त्या दिवशीची सकाळची मिस्सा कुणी आधीच घेतलेली होती. आम्ही म्हणालो, "सकाळची गेली, संध्याकाळची देऊ का?" ते जरा नाराज झाले. आईची मिस्सा दरवर्षी सकाळचीच असायची. "कोणी घेतली?" त्यांनी विचारले. उत्तर देण्याऐवजी आम्ही वही त्यांच्यासमोर सरकवली. तिथे त्यांच्याच आईचे नाव लिहिलेले होते. धाकटा भाऊ आदल्या दिवशी येऊन गेला होता. दोघांची घरे शेजारी, मध्ये दोन गुंठ्यांची पट्टी, तिच्यावरून कोर्टात दावा, आणि सात वर्षे एकमेकांचे तोंड बघितलेले नव्हते.

ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. आमची अपेक्षा होती की डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी विचारले, "त्याने किती दिले?" आम्ही काहीच बोललो नाही. मग वही मिटत म्हणाले, "आई एकच, तर दोन मिस्सा कशाला? असू दे. खाली फक्त 'मुलांकडून' लिहा, फादर."

त्या दिवशी चर्चमध्ये दोघे दोन टोकांच्या बाकांवर बसले. शांतीच्या चिन्हाच्या वेळी कुणीही जागचे हलले नाही. मिस्सानंतर दोघेही आईच्या कबरीपाशी गेले. वारा होता. धाकट्याची काडी तीनदा विझली, तेव्हा थोरल्याने दोन्ही हातांचा आडोसा धरला. त्यांच्यात बोलणे काय झाले ते आम्हाला ठाऊक नाही. कोर्टातला दावा त्यानंतरही काही वर्षे चालला. पण तारखेला दोघे एकाच रिक्षातून जाऊ लागले.

बंधू-भगिनींनो, प्रभू येशूने अंजिराच्या झाडाचा एक दाखला दिला आहे (लूक १३:६-९). तो नव्या वर्षाच्या तोंडावर वाचावा असे आम्हाला नेहमी वाटते. द्राक्षमळ्यात एक अंजिराचे झाड असते. मालक तीन वर्षे फळ बघायला येतो, आणि तीनही वर्षे रिकाम्या हाताने परततो. शेवटी तो म्हणतो की हे तोडून टाका, उगाच जागा अडवते. माळी मध्ये पडतो. एवढे एक वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणतो, खत घालतो, मग बघू. येशू गोष्ट तिथेच सोडून देतो. पुढल्या वर्षी अंजिरे धरली की नाही, हे तो सांगत नाही.

हा दाखला कशाच्या पाठोपाठ येतो तेही पाहा. पिलाताने मारलेल्या गालीलकरांविषयी लोक बोलत होते. येशूने त्यांत शिलोह येथील बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांची भर घातली, आणि विचारले की ते काय तुमच्यापेक्षा जास्त पापी होते? मुळीच नाही, असे त्याने स्वतःच उत्तर दिले. या वर्षी आपल्या धर्मग्रामाने ज्यांना मातीआड केले, त्यांच्या घरी हा नाताळ कसा गेला ते आपण जाणतो. गेल्या नाताळात ते आपल्याच शेजारच्या बाकावर होते. ते गेले आणि आपण उरलो, ते आपण त्यांच्याहून बरे म्हणून नव्हे. कुणीतरी आपल्यासाठी शब्द टाकला आहे: एवढे एक वर्ष राहू द्या. तो माळी म्हणजे ख्रिस्त, असे ख्रिस्तसभेत अनेकांनी मानले आहे, आणि आम्हालाही तसेच वाटते.

आता वाडीत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको की झाडाभोवती खणणे म्हणजे काय. केळीला किंवा सोनचाफ्याला आळे करताना वरची घट्ट माती फोडावी लागते. दगड निघतात, ते वेचून बाजूला करावे लागतात. कुदळ जपून मारली तरी एखादे मूळ तुटतेच. आणि खत म्हणून जे घालतो त्याला काही अत्तराचा वास नसतो! म्हातारा एका रात्रीत जळतो, पाच मिनिटांत राख. खणायला दिवस लागतात आणि ते दुखते. 'मी चुकलो' हे दोन शब्द घशातून बाहेर काढताना जे होते, ते हेच. यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडून देवाने दगडाचे हृदय काढून मांसाचे हृदय देण्याचे वचन दिले आहे (यहेज्केल ३६:२६). देव देणारच आहे, पण मांसाच्या हृदयाला लागते आणि ठेचही बसते. दगडाला ती भीती नसते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण क्षमेवरचे प्रवचन ऐकून काही जणांवर उलटाच अन्याय होतो. क्षमा म्हणजे मार खात राहणे नव्हे. ज्या बहिणीला घरात मारहाण होते, तिने मुकाट्याने परत जावे असे आम्ही म्हणत नाही, आणि तसे सांगायला कुणी आमचे नाव वापरू नये. आपल्या हक्कासाठी कोर्टात जाणे हेही पाप नाही. आणि ज्याने दुसऱ्याचे घेतले आहे, त्याने नुसते 'हॅपी न्यू इयर' म्हणून हात पुढे करून भागत नाही. जक्कयाने घेतलेले परत करण्याचे कबूल केले, तेही चौपट. डोंगरावरील प्रवचनात येशू अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो (मत्तय ५:२३-२४). तिथे तो 'तुझी भावाविरुद्ध तक्रार असेल तर' असे म्हणत नाही, भावाची तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हणतो. आपण हा उतारा वर्षानुवर्षे उलटा वाचत आलो आहोत. पहिले पाऊल ज्याच्याकडून चूक झाली त्याने टाकायचे आहे.

आपण गेलो आणि पलीकडून दार उघडलेच नाही तर? तसेही होते. पौल रोमकरांना लिहितो तेव्हा त्याला हे ठाऊक आहे. आपल्याकडून होईल तेवढे करावे, एवढेच तो मागतो. दार उघडले नाही तर पायरीवर नाताळच्या फराळाची पुडी ठेवून यावे. पुढल्या खेपेला कदाचित खिडकी उघडेल.

ख्रिस्तसभेचे नवे वर्ष खरे तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीच सुरू झाले. पण १ जानेवारीलाही ती आपल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही. तो दिवस देवमाता मरियेचा, आणि पोप सहावे पॉल यांनी १९६८ पासून तो जागतिक शांतिदिन म्हणूनही पाळायला सुरुवात केली. २०२५ च्या शांतिदिनाचा संदेश पोप फ्रान्सिस यांनी क्षमेवरच लिहिला होता. त्याच वर्षी २१ एप्रिलला ते देवाघरी गेले. त्या मिस्साचे पहिले वाचन गणना पुस्तकाच्या ६व्या अध्यायातले असते. त्यात अहरोन आणि त्याच्या मुलांनी लोकांना कसा आशीर्वाद द्यावा हे देव मोशेला शिकवतो. त्या छोट्या आशीर्वादात देवाचे मुख दोनदा येते. ते मुख आपल्यावर प्रकाशावे, ते आपल्याकडे वळावे, आणि मग शांती मिळावी. इस्राएलचे लोक वाळवंटात चाळीस वर्षे रेंगाळले, सोन्याचे वासरू केले, कुरकुर केली, पण देवाने त्यांचे तोंड बघायचे सोडले नाही. तो आशीर्वाद आम्ही वेदीजवळून ऐकू, तेव्हा ज्याचे तोंड आपण सात वर्षे पाहिले नाही तोही त्याच चर्चमध्ये, त्याच वाचनाला 'देवाला धन्यवाद' म्हणत असेल.

३१ डिसेंबरला संध्याकाळी पाच वाजल्यापासून प्रायश्चित्त संस्कारासाठी आम्ही चर्चमध्ये बसणार आहोत. रात्री आराधना, उपकारस्तुती आणि नंतर नववर्षाची मिस्सा होईल. आजारी व वृद्धांना घरी पवित्र कम्युनियन हवे असेल तर आज मिस्सानंतर कार्यालयात नाव द्यावे. पापनिवेदनाला येण्याआधी ज्यांना कुणाच्या घरी जाऊन यायचे आहे, त्यांनी आधी तिकडे जावे. उशीर झाला तरी चालेल, आम्ही थांबू.