समूहाचे स्वरूप आणि प्रश्नाचे मोल

अनेक वस्तू एकत्र घेतल्या की त्यांच्याहून निराळे असे काही निर्माण होते का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. न्यायदर्शनाच्या मते घडा हा आपल्या अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ आहे. सेना किंवा वन मात्र केवळ समुदाय. बौद्ध विचार घडा आणि रथ यांनाही केवळ समुदायच मानतो. वैशेषिकांच्या मते दोन किंवा त्याहून मोठी संख्या वस्तूंच्या ठायी असते खरी, पण मोजणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीवाचून, म्हणजे ‘हे एक, हे एक’ अशा जाणिवेवाचून, ती उत्पन्न होत नाही. म्हणजे समूहाच्या घडणीत विचारणाऱ्याचाही वाटा असतो.

आदिलाबाद जिल्ह्यातील राजगोंडांच्या कुळरचनेत हा वाटा स्पष्ट दिसतो. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला. सर्व कुळे चार सगांत, म्हणजे कुळगटांत, विभागलेली आहेत: चारदेवे, पाचदेवे, सहादेवे आणि सातदेवे. एकाच सगात सोयरीक होत नाही. त्यामुळे सगोत्रतेचा निर्णय करायला वंशावळ चाळावी लागत नाही; दोन्ही घरांचे देव किती, एवढे कळले की पुरते. कुळाची उत्पत्तिकथा हा मात्र वेगळा प्रश्न. ती क्रमानेच ऐकावी लागते आणि परधान, म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक, ती किकरी या तंतुवाद्याच्या साथीने गातात. कुळात नवी व्यक्ती सामावून घेण्याचीही ठरलेली रीत असते: केसलापूरच्या नागोबा जत्रेत मेश्राम कुळातील नव्या सुनांची देवाशी ‘भेटिंग’ होते. समूह एकच, पण प्रत्येक प्रश्नाची वाट निराळी.

संगणकभाषेच्या प्रमाण ग्रंथालयात ‘कलेक्शन’चा, म्हणजे नोंदींच्या समूहाचा, इंटरफेस आखताना कोणत्या प्रश्नाची वाट कशी, हाच मुद्दा उभा राहतो. इंटरफेस म्हणजे समूहाला काय विचारता येईल याचा करार. आतली मांडणी तो झाकतो. पण उत्तराला लागणारे श्रमही झाकावेत का? जावाने १९९८ मध्ये दिलेल्या ‘लिस्ट’ या इंटरफेसमागे सलग मांडणी असू शकते किंवा साखळी. क्रमांकावरून नोंद मागितल्यास सलग मांडणी ती थेट देते. साखळीत जवळच्या टोकापासून चालत जावे लागते. एक लाख नोंदी एकेक करून अशा मागितल्या, तर साखळीत सुमारे २५० कोटी पावले पडतात. उत्तरे तीच, पण प्रोग्राम कमालीचा मंद. पुढे जावाला थेट पोहोच असलेल्या याद्यांसाठी ‘रँडमअॅक्सेस’ ही वेगळी खूण जोडावी लागली. सी++ साठी अलेक्झांडर स्टेपानोव यांनी घडवलेल्या ग्रंथालयात मात्र प्रत्येक क्रियेच्या श्रमांची मर्यादा करारातच लिहिलेली आहे.

यावर आक्षेप असा, की श्रम हा अर्थाचा भाग मानला तर रचनाकाराचे स्वातंत्र्य जाते. पण मर्यादा सांगणे म्हणजे मांडणी सांगणे नव्हे. एकाच मर्यादेत अनेक रचना बसतात. जे उत्तर तत्त्वतः मिळते पण वेळेत हाती येत नाही, ते विचारणाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच. म्हणून समूहाची ओळख त्यातल्या वस्तूंवर थांबत नाही. कोणता प्रश्न किती श्रमात सुटेल, हेही त्याच्या स्वरूपातच मोडते.